काचेतली कानबाई

ये गं, अशी जवळ ये. नाही, आधी तो मोबाईल खाली ठेव, मग बस. देवघराचा व्हिडिओ म्हणून काय पाठवलंस गं परवा? भाची म्हणून सांगते, दुसरी असती तर गप्प बसले असते. देव बाजूलाच राहिले, देवघराच्या काचेच्या दारात तूच उमटलेली, गाऊनवर, डोक्याला तेल चोपडलेलं, आणि मागं पांढरा पट्टा, ती ट्यूबलाईट. नव्या घराचं कौतुक करायचं सोडून सगळे तुझा गाऊन बघत बसले.

हसू नकोस. काचेपुढं भल्याभल्यांची फजिती होते. माझी तर कानबाईपुढं झाली, इथं गुजरातेत, उधन्यात, याच घरात.

तुला ठाऊक आहे, श्रावणातल्या त्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची कुळाची देवी, बसते. नारळाला चांदीचा मुखवटा, नथ, डोरलं, चौरंगाला केळीचे खांब. पण इथं शेजारीच कापड विणायच्या लूमचं खातं, सुताचा तूस उडतो, दारं लावली तरी आत येतो. तासाभरात कानबाईच्या डोळ्यांवर तूस. म्हणून मुलानं काचेची पेटी करून घेतली, वरून झाकायची. एकदा कानबाई बसली आणि पेटी ठेवली की दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जनाला न्यायच्या वेळीच उचलायची. मधे हात लावायचा नाही, नारळ हलता कामा नये.

आता आमच्या घरची रीत ऐक. कानबाई बसली की घरातली थोरली बाई समोर उभी राहून नीट बघते आणि म्हणते, "बसली." तिनं म्हटल्याशिवाय रोट भाजायचे नाहीत, नैवेद्य नाही, कुणी तोंडात घास घालायचा नाही. थोरली म्हणजे माझी जाऊ. दरसाल गावाहून यायची. त्या वर्षी अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, खाटेवरून उठता येईना. पण रीत काही सोडायची नाही. म्हणाली, मोबाईलवर दाखव. गावात रेंज अशी की समोरासमोर बोलायला गेलं की चित्र थिजतं, म्हणून व्हिडिओ काढून पाठवायचा ठरला. भाऊबंद जमलेले, सगळ्यांचे उपास, सून पीठ मळून बसलेली. सगळं अडलं जाऊबाईच्या एका शब्दावर.

मी ऐटीत व्हिडिओ काढला, पाठवला. लगेच फोन. आमच्या जाऊबाई बोलणार अहिराणीत, आणि तेही खड्या आवाजात.

"हाई काय धाडं वं? माले तर तूच दिखी ऱ्हायनी! कानबाई कोठे से?"

बघते तर खरंच. मुखवट्याच्या जागी माझं तोंड, नथीवर माझा चष्मा, आणि कपाळावर ट्यूबलाईट. कानबाईनं माझंच सोंग घेतलेलं.

ट्यूबलाईट बंद केली. तर खिडकी दिसायला लागली, खिडकीतून समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे. खिडकी लावली. मग एका अंगाला सरकून तिरका व्हिडिओ काढला. त्यात मी नव्हते, पण जाऊबाई म्हणतात, "कानबाई वाकडी काबरं दिखस? नारळ कलंडना का?" आता वाकडी दिसणारी कानबाई बसली असं त्या कशा म्हणणार? मोबाईल काचेला चिकटवून पाहिला. प्रतिबिंब साफ गेलं, पण दिसली नुसती नथ.

मुलगा म्हणाला, "आई, समोरूनच काढ. फक्त तुझ्या मागं आणि तुझ्या अंगावर काळं पाहिजे. काळं काचेत उमटत नाही." सून लगेच उठली, काळी साडी आणते म्हणाली.

"खबरदार," मी म्हटलं. "कानबाईच्या दिवशी काळी साडी? जाऊबाई मोडल्या खुब्यानं चालत येतील मला मारायला."

पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. आणि माझं लक्ष गेलं मी बसले होते तिकडं. घोंगडी! काळी कुळकुळीत, जाऊबाईंनीच गावाहून आणलेली, पूजेला बसायला. काळी असून पवित्र. तिला कोण नाव ठेवणार?

घेतली डोक्यावरून. हातही आत, कारण बांगड्या चमकत होत्या आणि त्या तर उतरवणार नव्हते. फक्त मोबाईलचा डोळा बाहेर. समया दोन्ही बाजूंना सरकवल्या, म्हणजे उजेड कानबाईवर, माझ्यावर नाही. तेवढ्यात शेजारची गुजराती बाई दर्शनाला आली, दारातच थबकली.

"अरे मासी, ताव आव्यो छे के?"

"ताप नाही गं बाई, शूटिंग चाललंय," मी आतूनच म्हटलं.

श्वास धरून व्हिडिओ काढला. काचच नाही असं वाटावं, इतकी लख्ख कानबाई. पाठवला आणि सगळे त्या फोनकडं बघत बसलो. वाजला.

जाऊबाईंचा आवाज आला, बारीक. "दिखनी माय. बसनी कानबाई."

सुनेनं पहिला रोट तव्यावर टाकला. मी फोन ठेवणार, तर म्हणतात कशा, "पन तू कोठे गयी वं? पहिल्यात तर व्हतीस."

मी घोंगडी काढली, ट्यूबलाईट लावली, सगळ्यांना माझ्या मागं उभं केलं आणि मुद्दाम काचेत बघून परत एक व्हिडिओ काढला. कानबाईच्या भोवती आम्ही सगळे, पिठाच्या हातांची सूनसुद्धा. तो त्यांनी पुसू दिला नाही म्हणे, अजून मोबाईलमधे आहे.

म्हणून सांगते, प्रतिबिंब घालवता येतं, अवघड काही नाही. पाठीमागचा उजेड बंद, काळं पांघर, देवावर बाजूनं दिवा. पण आधी ठरव, कुणाला दाखवायचंय. परक्याला देव दाखव, घरच्याला थोडी तूही दिसलीस तर बिघडत नाही. गाऊन तेवढा बदल.

आता जाऊबाई काठी टेकत चालतात, यंदा कानबाईला येणारच म्हणाल्यात. "बसली" म्हणतील त्या, समोर उभ्या राहून. तू आज आलीस आणि लगेच निघालीस, हे काही येणं नव्हे. त्या रविवारच्या दोन दिवस आधीच ये, मुक्कामाला. घोंगडी झटकून ठेवते. लवकर ये गं.