साखरेच्या पाण्यातला अँटेना

सोलापूर स्टेशनवर माझी बॅग उचलायला माझे वडील, आण्णा, पुढे झाले आणि आई ओरडली, "अवो, डाव्या हातानं न्हाय!" त्यांच्या छातीत, डाव्या बाजूला कातडीखाली, नुकताच काडेपेटीएवढा पेसमेकर बसवला होता. आण्णा ओशाळून हसले. "जा. मागं वळून बगू नगंस," म्हणाले. मी बघितलंच. गाडी हलली तरी ते तसेच उभे होते. मुंबईहून माझं जर्मनीचं विमान होतं.

आमची वस्ती माढ्याजवळ. पेसमेकरच्या तपासणीला आण्णांना दर खेपेला सोलापूर गाठावं लागे. एसटी, रिक्षा, दवाखान्यातला बाक. डॉक्टर छातीवर यंत्र टेकवून बघत, "ठीक आहे" म्हणत, की पुन्हा एसटी. नव्या जातीच्या पेसमेकरची खबर घरूनच, बिनतारी, डॉक्टरांकडे जाते. त्यासाठी आत अँटेना लागतो. मला नोकरी लागली ती तो अँटेना लहान करायच्या कामावर. मी ती का धरली, हे घरी कुणाला सांगावं लागलं नाही.

पॅच अँटेना म्हणजे पातळ पट्टीवर बसवलेला तांब्याचा सपाट तुकडा, आणि पट्टीखाली धातूचा पत्रा. त्याची लांबी रेडिओलहरीच्या लांबीवर ठरते. आमची लहर पाऊण मीटरची, आणि जागा मिळालेली नखाएवढी. मग पट्टीला खास सिरॅमिक वापरायचं, त्यात लहर आखडते. तांब्यात फटी कापायच्या, म्हणजे विजेला वळसे घेत लांबून जावं लागतं. एक टोक खालच्या पत्र्याला जोडलं की निम्म्या लांबीत भागतं. पण आकार घटला की अँटेनाची ताकदही घटते, आणि ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवरून तो जरा जरी सरकला तरी मुका होतो.

शरीराच्या जागी आम्ही साखर-मीठ घातलेलं पाणी वापरायचो. त्यात बुडवून चाचणी. फोनवर हे ऐकून आण्णा खूश झाले. "म्हंजी पाकात घालता व्हय? मग आपल्या उसाचीच साखर घ्या की!"

हवेत चोख चालणारा अँटेना त्या पाण्यात गेला की सिग्नल हरवायचा. महिनोन्‌महिने तेच. एकदा आण्णांनी हळूच विचारलं, "मला बसंल का गं ह्यो?"

"बाजारात यायला लई वर्षं लागत्याल, आण्णा."

ते म्हणाले, "लागू दे. कुणाला तर बसंल की."

त्या हिवाळ्यात ते न्यूमोनियानं गेले. मी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर तो आगीत फुटतो. डॉक्टरांनी काढलेलं ते यंत्र आईनं धुऊन रुमालात बांधून ठेवलं होतं. तिनं ते माझ्या हातावर ठेवलं. "तुजं काम ह्यातलंच हाय नव्हं? म्हून ठिवलंय."

परत गेल्यावर आम्ही अँटेनावर सिरॅमिकचंच पातळ झाकण बसवलं, फटींची वळणं बदलली. एका दुपारी साखरेच्या पाण्यातूनही सिग्नल जागेवर राहिला. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग सवयीनं फोन हातात घेतला, आणि तसाच खाली ठेवला.

जे मागे गावीच राहिले ते मला विचारतात, परत कधी येणार? जे माझ्यासारखे निघून आले, ते हा प्रश्न एकमेकांना विचारत नाहीत.

आई आता सोलापुरात, शुक्रवार पेठेत, माझ्या धाकट्या भावाकडे असते. वस्तीवरच्या घराला कुलूप आहे. गेल्या सुट्टीत मी भावाच्या उंबऱ्यात चप्पल काढत होते, तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "पावणी किती दिस हाय?"

आतून आईचा आवाज आला, "पावणी कशाची? घरला आलीया ती."

माझं परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि ते आईला ठाऊक होतं. तरी ती ठणकावून बोलली. माझ्यासाठी घर आता तेवढंच उरलंय: माझ्या वतीनं असं बोलणारं माणूस. ते आहे तोवर मी पाहुणी नाही.