गालावरचा चौकोन

धाकटीला चष्मा लागत नव्हता. म्हणजे, असं ती सांगायची. वय एकोणपन्नास, नोकरी चष्म्याच्या दुकानात, तीही बावीस वर्षं, आणि भेटेल त्याला ऐकवायचं एकच, "मला बाई अजून लागला नाही!" खरी गोष्ट अशी की हातभर अंतराच्या आत आलेलं काहीही तिला धूसर दिसायचं. पण दुकानातला नजर तपासायचा तक्ता तिला वरपासून खालपर्यंत पाठ होता. काचेवरचे ओरखडे बघायला मालकांनी दिलेलं भिंग सदा हाताशी असायचं, आणि काडीचे बारके स्क्रू ती नुसत्या बोटांनी चाचपून बसवायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची, "काय बारकाईनं बघता हो!" ही गोड हसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिला धाकटी म्हणायचे ते सासरचे. दोन भाऊ, दोन सुना. मोठ्याची बायको थोरली, लहानाची ही धाकटी. थोरली पाच वर्षांनी मोठी, शेजारच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिला चाळिशी लागली ती बरोबर चाळिसाव्या वर्षी, तारीखवार. त्याचं धाकटीला केवढं समाधान होतं म्हणून सांगू! थोरलीचं घर मोठं, थोरलीची मुलगी हुशार, थोरलीच्या हाताला चव, सगळं कबूल. पण थोरलीच्या नाकावर चष्मा होता आणि हिच्या नव्हता. एवढ्या एका गोष्टीवर धाकटीनं कितीतरी वर्षं रेटली होती.

आणि मग त्या दिवशी थोरली दुकानात आली. चष्म्याची काडी सैल झाली होती. हल्ली ती पावडर-बिवडर थापून, चांगला जाड मेकअप करूनच बाहेर पडायची. ‘थाट बघा,’ असं धाकटीनं मनात म्हटलं. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त हेडमास्तर फ्रेमा बघत बसले होते. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. ते दोघींकडे बघून धाकटीला म्हणाले, "या तुमच्या धाकट्या बहीण का?"

थोरली खळखळून हसली. "अहो मास्तर, मी थोरली! ही धाकटी. ऐकलंस का गं?"

धाकटीनंही हसून साजरं केलं, पण काडीचा स्क्रू जरा जास्तच पिळला. बाई, माणसानं मोतीबिंदू काढावा की नाही वेळेवर! नाकाला मिरच्या झोंबल्या त्या संध्याकाळपर्यंत उतरल्या नाहीत.

दुकान रिकामं झाल्यावर ती काउंटरवरच्या गोल आरशासमोर बसली. हा आरसा साधा नव्हे. नवी फ्रेम निवडताना गिऱ्हाइकाला जुना चष्मा काढावा लागतो, आणि मग आपलंच तोंड दिसत नाही, म्हणून चेहरा तिप्पट मोठा दाखवणारा हा आरसा ठेवलेला. त्यात धाकटीनं बघितलं. डोळ्यांच्या कडांना घड्या, ओठांवर बारीक उभ्या रेघा, कपाळावर तर विचारूच नका. तिकडे थोरलीचा गाल तर डोळ्यांसमोर गुळगुळीत तरळत होता. देवा, कुठं न्याय आहे का?

रात्री जेवताना नवरा सहज म्हणाला, "दादा सांगत होता, वहिनीनं चेहऱ्याचं कसलंसं यंत्र घेतलंय. लेसरचं. घरच्या घरी सुरकुत्या जातात म्हणे."

"म्हणे कशाला? गेल्याच की!"

"मला तर काही फरक दिसला नाही."

"तुम्हाला? घराचा रंग बदलला तरी तुम्हाला आठवड्यानं कळतं."

तो बापडा मुकाट्यानं जेवायला लागला. धाकटीला मात्र घास गोड लागेना. म्हणजे असं आहे तर! यंत्र आणायचं, गुपचूप तरुण व्हायचं, आणि सख्ख्या जावेला अवाक्षर सांगायचं नाही. दैवानं दिलं असतं तर एक वेळ सोसलं असतं, पण हे विकत आणलेलं, आणि वर चोरून ठेवलेलं!

पुढच्याच आठवड्यात थोरली आणि दीर दहा दिवसांसाठी मुलीकडे निघाले. किल्ली धाकटीच्या हातात देत थोरली म्हणाली, "कुंड्यांना दिवसाआड पाणी घाल गं. आणि स्वयंपाकघराची खिडकी जरा उघडत जा."

"तुम्ही निर्धास्त जा, ताई," धाकटी म्हणाली, आणि मांजराच्या हाती शिंक्याची दोरी आली.

पहिल्याच संध्याकाळी कुंड्यांना पाणी घातलं, खिडकी उघडली, आणि पाय आपोआप झोपायच्या खोलीकडे वळले. आरशाच्या टेबलाचा दुसरा कप्पा. वर थोरलीचा जास्तीचा चष्मा, त्याखाली घडी घातलेलं माहितीपत्रक, त्याखाली ते यंत्र. दाढीच्या मशीनएवढं, पांढरंशुभ्र, टोकाला नखाएवढी चौकोनी काच. बाजूला एक, दोन, तीन असे तीन दिवे. धाकटीनं पत्रक उघडलं. अक्षरं कसली, मुंग्यांची रांग! तिनं हात लांब केला. आणखी लांब केला. हात संपला, तरी अक्षरं काही ओळखीची होईनात. भिंग दुकानात होतं आणि उद्यापर्यंत थांबायला धीर नव्हता. चष्मा समोरच पडला होता, पण थोरलीचा चष्मा आपल्या नाकावर? मेले तरी नाही.

चित्रं होती ना, मग झालं. एका बाईचा चेहरा, गालावर बाण. सूर्यावर फुली, म्हणजे घरात बसून करा. मलमाच्या ट्यूबवर फुली, म्हणजे वर काही फासायची गरज नाही. किती सोपं! ती स्वतः रोज रात्री सुरकुत्यांचं जहाल क्रीम लावायची, पण ते बरणीतलं होतं. ट्यूबमधलं नव्हतं.

तिनं यंत्र गालाला टेकवलं आणि सरळ तिसरा दिवा लावला. थोरली पुढं निघून गेली होती, मागून धावणाऱ्याला जोरात पळायला नको का? टिक्-टिक् आवाज झाला आणि गरम सुया टोचल्यासारखं झालं. आई गं! पण जळतंय म्हणजे लागू पडतंय, असं म्हणून तिनं त्याच जागी आणखी तीनदा फिरवलं. घरी आल्यावर गाल उन्हातून आल्यासारखा लाल होता. सकाळी लाली उतरली. गोल आरशात तिला कातडी ताणल्यासारखी वाटली आणि ती दिवसभर गुणगुणत होती.

कुंड्यांना पाणी दिवसाआड होतं, यंत्र मात्र रोज. दहाच दिवस हाताशी होते ना! चौथ्या संध्याकाळी तिनं उजव्या गालफडावर, जिथं घडी सगळ्यात खोल होती तिथं, सहा वेळा दाबून धरलं. रात्री वर क्रीम चोपडलं. सकाळी उठली तर उजवा डोळा अर्धा मिटलेला, गाल टम्म, आणि त्यावर रेखीव लालभडक चौकोन. पट्टी लावून आखल्यासारखा. मधोमध बारीक फोड.

गाल बरा होईल न होईल ते राहू द्या, आज मंगळवार आणि रविवारी थोरली येणार! हा चौकोन तिनं बघितला तर कप्पा उघडल्याचं कळणार. आपण तिच्या चेहऱ्यावर जळतो, हेही कळणार. मरण परवडलं. तिनं आधी बर्फ घासला, मग कुणीतरी कधीतरी सांगितलेलं आठवून टूथपेस्ट थापली. मग जी काय आग झाली, त्यापुढं लेसर बरा म्हणायची वेळ आली.

औषधांच्या दुकानदारानं चेहरा बघून विचारलं, "कशानं झालं हे?"

"इस्त्री लागली."

"गालाला? इस्त्री करत होता का झोपला होता तिच्यावर? ताई, डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांना काय सांगणार, कपाळ? ती तोंडाला मास्क लावून कामावर गेली. पण तिचं काम असं की गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक नेऊन फ्रेम बसवायची. दोनच दिवसांत मास्कच्या दोरीनं फोड फुटला आणि मास्क उतरवावा लागला. हेडमास्तर नेमके आपला नवा चष्मा न्यायला आले होते. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी वर बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते, "अरेरे, गालाला काय झालं हो?" मालकांनी तिला बाजूला बोलावलं. "बरं होईपर्यंत मागच्या खोलीत बसा. डब्या लावून घ्या." बावीस वर्षं जी बाई काचेच्या काउंटरमागं उभी राहिली ती आता खोक्यांच्या राशीत बसून रडली, आणि खारं पाणी चौकोनावरून ओघळल्यावर आणखी रडली.

शनिवारपर्यंत चौकोन लालाचा तपकिरी झाला. तिनं तो दर तासाला बघितला. चेहऱ्यावर इतका जीव तिनं जन्मात लावला नव्हता. तो काही हलला नाही.

रविवारी दुपारी बेल वाजली. किल्ली घ्यायला थोरली स्वतः आली होती. धाकटीनं उजवीकडची ओढणी सारखी केली, पण थोरली म्हणजे काही बिनचष्म्याचे हेडमास्तर नव्हे.

"हे काय गं?"

"काही नाही, ताई. तेल उडालं."

थोरलीनं आपला चष्मा सारखा केला, जवळ आली, हनुवटीला धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. म्हणाली, "तेल चौकोनी उडतं होय?"

आणि आल्या पावली निघून गेली. धाकटी दारात तशीच उभी. झालं, संपलं. आता ती दिरांना सांगणार, दीर नवऱ्याला सांगणार, सगळे मिळून हसणार. पाचेक मिनिटांत थोरली परत आली. हातात पत्रक, कापूस आणि एक डबी.

"बस इथं. टूथपेस्ट लावलीस का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही लावली होती."

थोरलीनं कापूस ओला केला आणि स्वतःच्याच गालावरून फिरवला. पावडर गेली, जाड मेकअप गेला. खाली डाव्या गालफडावर विटलेला, चहाच्या डागासारखा चौकोन होता. नखाएवढा. धाकटीचा आ वासलेला तसाच राहिला.

"चार महिने झाले," थोरली म्हणाली. "म्हणून तर हे लिंपण. मी पत्रक वाचलं होतं बरं, अक्षरन् अक्षर! वाचून काय करतेस, धीर हवा ना. आता ऐक. बर्फ नाही, नळाचं पाणी. हे साधं व्हॅसलीन, पातळ लावायचं. तुझं ते रात्रीचं क्रीम बंद. खपली ओढलीस तर बघ. बाहेर जाताना उन्हाचं मलम आणि छत्री, नाहीतर माझ्यासारखा काळा डाग बसेल. आणि उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. फोड आला त्याच दिवशी जायला हवं होतं."

"पण ताई, तुम्हाला काय गरज होती हो त्या यंत्राची?"

"तूच! आणखी कोण? भेटलीस की तुझं चालू, मला बाई अजून चष्मा लागला नाही, मला बाई अजून लागला नाही. पन्नाशीला आलीस तरी! म्हटलं, डोळ्यांत हरले तर हरले, निदान तोंडात तरी हिच्या पुढं राहू." थोरलीनं पत्रक तिच्या हातात कोंबलं. "घे, वाच मोठ्यानं. कुठं चुकलीस ते तुलाच कळू दे. तुझे डोळे तर देवानं खास पाठवलेत."

धाकटीनं पत्रक धरलं. हात लांब केला. आणखी लांब केला. थोरली बघत होती.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुमचा चष्मा द्या."

"काय?"

"द्या म्हणते ना. मला दिसत नाही. सहा वर्षं झाली."

"सहा वर्षं!" थोरली ओरडलीच. "मेले, सहा वर्षं माझा जीव खाल्लास की गं!" पण नाकावरचा चष्मा काढून तिनं पुढं केला.

धाकटीनं तो चढवला. मुंग्या एकदम ओळीत उभ्या राहिल्या. ‘सुरकुत्यांवरील क्रीम वापरत असल्यास ते आठवडाभर आधी बंद करावे,’ तिनं वाचलं. ‘पहिले दोन आठवडे फक्त पहिला दिवा.’ मग तिनं मान वर केली.

थोरलीचा चेहरा समोर हातभर अंतरावर होता. डोळ्यांच्या कडांना घड्या, ओठांवर उभ्या रेघा, गळ्याला सैल झालेली कातडी, गालावर घड्यांत घड्या. आपल्यापेक्षा जास्त! कितीतरी जास्त! आपण आपलं तोंड भिंगासारख्या आरशात बघत होतो आणि तिचं नुसत्या अधू डोळ्यांनी, हे धाकटीच्या लख्ख ध्यानात आलं. खोटं कशाला सांगू, तिला आधी आनंद झाला. चांगला उकळ्या फुटणारा आनंद. हे ऐकवायची तिनं किती वाट बघितली होती!

थोरली चष्म्याविना डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होती. तिचा हात आपसूक गालावर गेला. "काय बघतेस गं एवढं? खूप दिसतात का?"

धाकटीनं चष्मा काढला, दुकानातल्या सवयीनं रुमालानं दोन्ही काचा पुसल्या, आणि परत काही नाकावर चढवला नाही.

"केवढी मळलीय काच तुमची, ताई," ती म्हणाली. "काही म्हणता काही दिसत नाही."