हातात दिलेली मिरची

गॅलरीतल्या मिरचीच्या रोपाची पानं आकसून वाटीसारखी झाली आहेत. ताक फवारलं, राख टाकली. ते काही आता सुधारत नाही. तरी आज त्यावर एक मिरची दिसली. वाकडी, करंगळीएवढी.

रोप बायकोनं लावलेलं. पूर्वी मिरची तोडून तिच्या हातात द्यायला गेलो की ती झटकन हात मागे घ्यायची. "खाली ठेवा आधी! मिरची हातात दिली की भांडण होतं." मी निमूट ओट्यावर ठेवायचो. भांडणं तरीही रोज व्हायचीच. चहात साखर जास्त पडली, पंखा चालू राहिला, काहीही पुरायचं. आपलं बोलणं कुणाला तरी लागतंय, हे केवढं सुख असतं! तेव्हा नुसता वैताग यायचा.

अर्धांगवायूनं तिची वाचा गेली, त्यालाही आता बरेच महिने झाले. डॉक्टर हल्ली नुसते मान हलवतात.

आज ती मिरची तोडून मी पलंगापाशी गेलो आणि तिचा जो हात अजून हलतो, त्याच हातात मुद्दाम दिली. बराच वेळ वाट पाहिली.

तिनं हात मागे घेतला नाही.