श्रेय मालकाला

बुलानाओ गावचं साप्ताहिक क्रिसांतो एकटेच काढायचे; सगळं गाव त्यांना मानोय, म्हणजे दादा, म्हणायचं. संपादक तेच, वार्ताहर तेच, जाहिरातीसाठी दारोदार फिरणारेही तेच. मेयरसाहेबांचं कौतुक त्यांच्या कचेरीतून तयार यायचं, चोऱ्या-अपघात पोलीस चौकीतून, आणि उरलेलं सगळं फेसबुकवरून. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! फोटो तर सगळेच तिथले. एकदा आमच्या पुराच्या बातमीतल्या फोटोत मागे उंट उभा होता.

पण आपण चोर नाही, असं मानोयचं ठाम मत होतं. प्रत्येक फोटोखाली ते न चुकता चार अक्षरं टाकायचे: सीटीटीओ. म्हणजे श्रेय मालकाला. मालक कोण, हे मालकाचं मालकाने बघावं. आमच्याकडे सगळेच असं लिहितात. चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवलं की कसं हलकं वाटतं, तसंच हे.

लग्नाचे फोटो काढणारा देल्फिन एकदा तणतणत आला.

"मानोय, जत्रेचा फोटो माझा आहे! माझं नाव कुठंय?"

"खाली वाच की. श्रेय मालकाला. मालक कोण?"

"मी!"

"मग मिळालं की श्रेय! आता काय बँड लावू?"

देल्फिन चडफडत गेला. आतून मानोयची बायको लुमिंग म्हणाली, "त्याचं नाव छापलं असतं तर काय शाई संपली असती?" मानोयनी कानाडोळा केला.

त्याच वर्षी मोठं वादळ आलं. गल्लीत कमरेएवढं पाणी, आणि लुमिंग टेबलावर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांना गरम लुगाव वाढतेय, भाताची पेज, आणि वर खळखळून हसतेय. वीज नाही, फेसबुक बंद. फोटो उचलायचा कुठून? नाइलाजाने मानोयनी जन्मात पहिल्यांदा स्वतः फोनवर फोटो काढला. छापखान्यात तो उतरवून घेतला आणि परत येताना फोन पाण्यात पडला.

पुढे लुमिंग तापाने गेली. तिचा हसतानाचा फोटो तेवढाच उरला, जुन्या अंकातला. मानोय रोज तो काढून बघत.

यंदा कुणीतरी जुन्या अंकातून फेसबुकवर टाकलेला तोच फोटो शहरातल्या मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर छापला. खाली ओळ: 'अनामिक स्त्री. सीटीटीओ.' मानोयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुना अंक काखोटीला मारून त्यांनी बस पकडली.

"ही अनामिक नाही, मॅडम," ते तिथल्या संपादिका पुरिंगबाईंना म्हणाले. "ही लुमिंग, माझी बायको. फोटो मी काढलाय. दोघांची नावं छापा."

"छापू की, मानोय. पण पुरावा?"

मानोयनी ऐटीत अंक पसरला. बाईंनी चष्मा लावला, फोटो जुळवून पाहिला आणि त्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमच्याच अंकात आहे ना?"

मानोय वाकले. इतकी वर्षं ते फक्त तिचं हसू बघत आले होते, खालची ओळ वाचायची कधी गरजच पडली नव्हती. घरच्या बाईचं नाव छापायला तेव्हा संकोच वाटला होता, आणि पुढचं हाताने सवयीने टाकलं होतं. 'पूरग्रस्त महिला. सीटीटीओ.'

"माझी बायको आहे हो ती," मानोय म्हणाले. त्यांना रडूच आलं.

"असेलही. पण इथे तसं लिहिलेलं नाही," बाईंनी अंक नीट घडी करून परत दिला. "मालक सापडला की श्रेय नक्की देऊ."