खडी धुण्याचा आवाज

आईला स्कॉटलंड दाखवायचं म्हणून मी हॉस्पिटलमधून आठवड्याची लीव्ह काढली आणि आम्ही दोघी लंडनच्या हॅरोहून गाडीने निघालो. तिसऱ्या दिवशी पार उत्तरेला पोचलो. तिथे झाडंसुद्धा संपतात. नुसते तपकिरी डोंगर आणि मैलामैलावर एखादं घर.

आम्ही उतरलो होतो त्या बी अँड बीच्या मालकीणबाईंनी सकाळी सांगितलं, की पुढच्या खोऱ्यात दीडशेएक वर्षांपूर्वी ओढ्यात सोनं सापडलं होतं. शेकडो माणसं तंबू ठोकून राहिली आणि थोड्याच दिवसांत सगळी निघून गेली. आता तिथे कोणी नसतं. हौशी लोक कधीतरी वाळू धुवायला जातात. त्यांनी आईच्या हातात एक हिरवी प्लास्टिकची परात दिली. आईने ती वाजवून पाहिली आणि काखेत धरली.

गाडी रस्त्याच्या कडेला लावून आम्ही उतरलो. ओढ्याच्या दोन्ही काठांना उपसलेल्या दगडांचे लांबच लांब ढीग होते, शेवाळलेले. वर उतारावर चौकोनी खळगे होते, तंबूंच्या जागा असाव्यात. तिथलं गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा हिरवं होतं. एकही पक्षी ओरडत नव्हता.

आई सलवार वर खोचून पाण्याकाठी उकिडवी बसली. खडी भरलेली परात तिने जरा कलती धरली आणि मनगटातून अशी काही फिरवली, की वरचे खडे एका बाजूने आपोआप सरकत गेले. तळाशी काळी रेती राहिली. मी बघतच राहिले.

"तुला हे कुठून येतं?"

"माझे वडील झारेकरी होते."

"सोनार होते ना?"

"सोनार नव्हते. सोनारांच्या दुकानातली माती झाडून आणायचे. शेगडीतली राख, गटारातला गाळ. आम्ही बहिणी ते घरी धुवायचो. कण निघायचे."

"गटारातला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आई परातीकडेच बघत राहिली. मी पन्नाशीला आले होते, आणि स्वतःच्या लग्नापासून लपवलेली गोष्ट तिने आज पहिल्यांदा सांगितली होती. त्यावर मी हे बोलले. लाज वाटून मी वर खळग्यांकडे चालत गेले.

तिथे असतानाच धुकं उतरलं. दुपारचे बारा वाजले होते, पण दहा पावलांवरचं दिसेना. मी हाक मारली. आई परात काठावरच ठेवून आवाजाच्या रोखाने वर आली आणि आम्ही हात धरून गाडीकडे निघालो. उतार सरळ खाली जात होता, चुकायचं कारण नव्हतं. तरी आम्ही एका खळग्यापाशी आलो, ज्यात चुलीसारखे मांडलेले तीन काळे दगड होते. पुन्हा निघालो, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तेच.

"चकवा लागलाय," आई म्हणाली. "खाली बस. चकव्यात चालायचं नसतं."

एरवी मी हसले असते. पण मी मुकाट बसले. फोनला सिग्नल नव्हता.

मग आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. पत्र्याच्या भांड्यात खडी फिरवल्यासारखा. मध्ये थांबायचा, पाणी ओतल्यासारखं व्हायचं, की पुन्हा खर्र, खर्र.

"हॅलो?" मी ओरडले. "इज समबडी देअर?"

उत्तर आलं नाही, आवाजही थांबला नाही. मी आईचा दंड घट्ट धरला. आई मात्र मान तिरकी करून ऐकत होती.

"घाई करतोय," ती पुटपुटली. "एवढ्या जोराने धुतलं तर सोनं वाहून जातं." आणि मग ती धुक्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "सावकाश, बाबा. पाणी भरून घे आणि सावकाश फिरव."

आवाज थांबला. मी तिच्या दंडात नखं रुतवली होती.

थोड्या वेळाने तो परत सुरू झाला. संथ, एका लयीत. आई त्याबरोबर मान हलवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. केव्हातरी तो विरत गेला, धुकंही विरळ झालं, आणि समोर तीस पावलांवर आमची गाडी दिसली.

परात आणायला मी एकटीच पाण्याकाठी गेले. परातीशेजारी ताज्या धुतलेल्या खडीचा गुडघाभर उंच ढीग होता. एवढी खडी आईने धुतलीच नव्हती. ओल्या वाळूत पावलं फक्त आमची होती.

मालकीणबाईंच्या घरावरूनच त्या खोऱ्याचा एकुलता रस्ता जातो. त्या म्हणाल्या, दिवसभरात फक्त तुमची गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "परत जाऊया का तिकडे?" मी नको म्हटलं आणि गाडी दक्षिणेला वळवली. दोन तास ती खिडकीबाहेर बघत होती. हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबलो, चहा घेतला, तेव्हा तिने हळूच विचारलं, "तुलाही ऐकू आलं ना?"

"आलं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच." आणि तिने माझ्यापुढचं अर्धं सँडविच ओढून घेतलं.