कवळीकाकू आणि तिसरी बॅटरी

कवळीकाकूंनी कुठलीही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर केलेली नाही. आधी दार लावून, एकटीनं करून बघायची आणि मगच चारचौघांत. नळ दुरुस्तीवाल्याला फोन करायचा असला तरी आधी फोन बाजूला ठेवून सगळं संभाषण म्हणून बघायच्या. त्यात नळवाला काय म्हणेल तेही स्वतःच म्हणायच्या. हा मनातला नळवाला कधीकधी इतका उद्धट निघे, की खऱ्या नळवाल्याला फोन जाई तो रागानंच. बिचारा नुसतं "बोला" म्हणाला तरी बोलणी खायचा.

कवळीकाकू हे नाव त्यांना गल्लीनं दिलं, कारण नवराबायको मिळून कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात. मेणात एकेक दात बसवायचं काम काकूंचं, आणि तयार कवळी घासून चकचकीत करून डॉक्टरांकडे पोचवायचं काम काकांचं. काकूंना मेण फार आवडतं. चुकलं की तापवायचं, दात काढायचा, पुन्हा बसवायचा, कुणाला पत्ता लागत नाही. सगळं जगच मेणाचं असतं तर बरं झालं असतं, असं त्या एकदा बोलूनही गेल्या होत्या.

तर अशा बाईनं बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली.

घरात आठ महिन्यांपूर्वी नवी कोरी गाडी आली होती. काकांनी वॉरंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, आणि जाहीर केलं की या गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हात लावायचा तर फडकं घेऊन, एवढी सूट होती. काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्याच आठवड्यात मोटार शिकवणाऱ्या बाईंकडे नाव घातलं. काका डॉक्टरांकडे फेरीला गेले की या शिकायला जात. काकांना सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच शिकवायला घेतलं असतं, आणि काकांनी शिकवायला घेतलं की माणूस येत असलेलंही विसरतो.

पहिल्या परीक्षेत चढावर गाडी तीनदा बंद पडली. मागे सहा गाड्या खोळंबल्या, परीक्षक पेन कानामागे खोचून आकाशाकडे बघत बसला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." काकूंनी मनात म्हटलं, पडेन की, पण आधी काठावर हातपाय मारून बघते.

आणि सुरू झाली तालीम. दुपारी जेवण झालं की काका वर जाऊन आडवे होत. त्यांचं घोरणं जिन्यावरून खाली येऊ लागलं, की काकू मेणाचा दिवा विझवून कामाच्या खोलीतल्या आतल्या दारानं गॅरेजमध्ये शिरत. दाताच्या नमुन्यांच्या खणात ठेवलेली दुसरी चावी काढायची, पाठीशी उशी घ्यायची, पट्टा लावायचा, आरसा नीट करायचा. चावी मात्र अर्धीच फिरवायची. इंजिन सुरू केलं तर वर आवाज जाईल. अर्ध्या चावीवर समोर लाल-हिरवे दिवे लागत, आणि काकूंच्या छातीत असं काही होई की हसू आवरायचं नाही.

मग त्या निघत. म्हणजे काटा शून्यावरच असे, पण काकू निघालेल्या असत. डावीकडे वळायचं, दिवा टिकटिकतोय. शाळा सुटली आहे, थांबायचं. पुढं एक ट्रकवाला आहे, तो बाजूच देत नाही. या ट्रकवाल्याशी त्यांचं दोन महिने भांडण चाललं होतं आणि माघार कुणीच घेत नव्हतं. बोगदा आला की मोठे दिवे लावायचे. उकाडा झाला की पंखा. पाऊसही पडे. कोरड्या काचेवर वायपर किंचाळतात म्हणून त्या आधी पाण्याचा फवारा मारत, आणि त्या खऱ्या पाण्यानं पावसाला असा काही रंग चढे, की काकू पुढं वाकून, डोळे बारीक करून गाडी हाकत. साडेतीनला घोरणं थांबलं की जिथं असतील तिथून परत. परतायला मात्र क्षणभर लागे, कारण गाडी घरीच असे.

तालीम सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांत पहिली बॅटरी उतरली. काका फेरीला निघाले, चावी फिरवली, गाडी ढिम्म. सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आला, दुसऱ्या बॅटरीवरून वायर जोडून त्यानं गाडी सुरू केली. दहा दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला वॉरंटीत नवी बॅटरी बसली. मेकॅनिक पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. गाडीच्या दाराला हात लावण्याआधी त्यानं हात पुसले होते, हे काकूंच्या लक्षात राहिलं. निघताना त्यानं विचारलं, "काका, घरात कुणी गाडीत बसतं का? इंजिन बंद ठेवून दिवे, पंखा असं काही?"

"माझ्याशिवाय या गाडीला कुणी हात लावत नाही," काका म्हणाले.

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. इंजिन बंद म्हणजे खर्च बंद, अशी त्यांची आजवर ठाम समजूत होती. चहा न देताच त्या कप घेऊन आत परतल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. चार दिवस त्या गॅरेजकडे फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी वाटलं, नुसत्या टिकटिकणाऱ्या दिव्यानं काय होतंय. सहाव्या दिवशी जरा उकडलं. आठव्या दिवशी पाऊस आला.

दुसरी बॅटरीही गेली आणि तिसरी बसली, तेव्हा काकांचा पारा चढला. त्यांनी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरला चार पानी तक्रार लिहिली, वॉरंटीच्या पुस्तकातली कलमं घालून. गाडी सेंटरवर दोन दिवस ठेवून घेतली होती, तिथं तर ती पहिल्या फटक्यात सुरू होई. काकांच्या मते यातच काळंबेरं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हे सांगणार कोण? कळसा स्वतः चहा करत होता.

शुक्रवारी काका फोन ठेवून खूश होऊन आत आले. "मॅनेजर वठणीवर आला. म्हणाला, बॅटरी नीट बसवली नसणार. त्या मेकॅनिकला वर्कशॉपमधून काढून गाड्या धुवायला टाकतायत. उद्या चार वाजता तिथं जाऊन माझी सही झाली, की काम फत्ते."

काकूंच्या हातातला दात मेणात तिरपा बसला. "धुवायला? एवढी वर्षं काम केलेला माणूस?"

"मग? काम येत नाही तर काय पूजा करायची त्याची?"

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं. रात्री काकूंना जेवण गेलं नाही. तो हात पुसणारा माणूस पाण्याचा पाइप धरून उभा आहे, असं सारखं समोर यायला लागलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्यांनी ठरवलं की उद्या चार वाजता काकांबरोबर जाऊन मॅनेजरच्या समोरच सगळं कबूल करून टाकायचं. सही व्हायच्या आत.

आता कबूल करायचं म्हणजे काकू काय करणार? तालीम.

शनिवारी दुपारी घोरणं सुरू झालं आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. "साहेब, चूक माझी आहे," इथून सुरुवात केली. जमेना. चावी अर्धी फिरवली, दिवा टिकटिकला, तसा जरा धीर आला. मनातला मॅनेजर महा खट निघाला. "पुरावा काय?" म्हणाला. काकूंनी त्याला पंखा लावून दाखवला. बोगदा दाखवला. "आणि वायपर?" म्हणाला. तोही दाखवला. मनातले काका मधेच बोलायला लागले, त्यांना गप्प करण्यात वीस मिनिटं गेली. मनातला मेकॅनिक तेवढा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, आणि काकूंना रडू आलं. अशी दीड तास कबुली चालली. शेवटी मॅनेजर पाघळलाच होता, तेवढ्यात वरून काकांची हाक आली, "अगं, तयार झालीस का?" काकूंनी चावी उपटली आणि आत पळाल्या.

चार वाजायला दहा मिनिटं असताना काकांनी चावी फिरवली. गाडीनं टक् केलं आणि गप्प झाली. कबुली द्यायला निघालेली बाई कबुलीच्या तालमीमुळेच घरात अडकली होती.

काकांना राग यायचा तो आनंदच झाला. "बघ. तिसरी. आता जो काय पुरावा आहे तो इथंच आहे." त्यांनी लगेच फोन लावला. तासाभरानं सर्व्हिस सेंटरची व्हॅन आली आणि त्यातून तोच मेकॅनिक उतरला. पुढच्या आठवड्यापासून धुलाईवर, तोवर हेच काम, असं त्यानंच सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते काकूंना जास्तच लागलं.

त्यानं बॉनेट उघडलं, व्हॅनच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या, आणि काकांना म्हणाला, "चावी फिरवा. अर्धीच."

काकांनी चावी फिरवली आणि गाडीत एकदम जत्रा भरली. वायपर सपासप उडायला लागले. मोठे दिवे भिंतीवर पडले. पंखा भणभणला. काकांच्या चष्म्यावर धूळ आली. आणि या सगळ्यात डावीकडचा दिवा शांतपणे टिकटिकत होता.

मेकॅनिकनं छताकडे बघितलं, मग शटरकडे, मग काकांकडे. "काका, इथं पाऊस कधी पडला?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काका चष्मा पुसत म्हणाले, "बघितलंत? वायरिंगच सदोष आहे. आपोआप चालू होतंय सगळं. लिहा तुमच्या दुरुस्तीच्या कार्डावर, मी सही करतो." आणि त्यांनी खरंच खिशातून पेन काढलं.

दीड तास पाठ केलेलं भाषण काकूंना आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना. साहेब गेले, चूक गेली, सुरुवातच गेली.

"पाऊस मी पाडला," त्या म्हणाल्या.

दोघंही वळले. मग काकूंना थांबताच येईना. बोगदा माझा, पंखा माझा, डावीकडे मीच वळत होते, पुढं शाळा आहे म्हणून. परीक्षेत नापास झाले म्हणून रोज दुपारी बसते. या मेकॅनिकनी बॅटरी चांगलीच बसवली होती, दोन्ही वेळा. तुम्ही यांना धुवायला पाठवू नका.

काका गॅरेजच्या पायरीवर बसले. पेन हातातच होतं. त्यांनी विचारलं, "रोज?"

"दोन महिने. शनिवार-रविवार धरून."

"कुठं जायचीस?"

हा प्रश्न कुठल्याच तालमीत आला नव्हता. "आधी परीक्षेच्या चढावर," काकू म्हणाल्या. "तो जमला की पुढं. नदीवरच्या पुलावरून पलीकडे. एकदा समुद्रापर्यंत गेले होते. तिथं पाऊस फार होता."

"समुद्रापर्यंत," काका म्हणाले. "आणि मला नाही नेलंस."

"तुम्ही बोलला असता."

काकांनी यावर वाद घालण्यासाठी तोंड उघडलं, आणि मिटलं. "हो," ते म्हणाले, "बोललो असतो."

मेकॅनिकनं तोवर एकेक बटण बंद केलं आणि इंजिन सुरू करून दिलं. वायरी गुंडाळत तो म्हणाला, "गाडी उभी राहून बॅटरी खाते, चालली की भरते. आता अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही. बंद पडलं तर मला परत यावं लागेल. कुणीतरी फिरवून आणा."

काका उठले. गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिले. काकू उशी आणायला पळाल्या.

गॅरेजच्या बाहेर खरा रस्ता होता आणि तो तालमीतल्या रस्त्यासारखा अजिबात वागत नव्हता. सायकलवाले सांगून आडवे येत नव्हते. पहिल्याच चौकात एक ट्रक निघाला, आणि दोन महिने जो हटला नव्हता त्याच्या जातभाईनं हात बाहेर काढून काकूंना आधी जाऊ दिलं. काकू इतक्या गोंधळल्या की त्याला मोठ्यानं "थँक्यू दादा" म्हणाल्या. चढावर गाडी हिसकली, थरथरली, पण बंद पडली नाही. काकांनी श्वास रोखून धरला होता. बोलले मात्र नाहीत, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

अर्धा तास झाला. घर आलं आणि काकू घरावरून तशाच पुढं गेल्या.

"घर गेलं," काका म्हणाले.

"माहीत आहे. आत घालायची कधी केलेलीच नाही." निघायच्या तालमी साठ झाल्या होत्या, पोचायची एकही नाही. काकूंना हसू फुटलं, मग काकांना फुटलं, आणि दोघं हसत हसत दुसऱ्या फेरीला लागले. दारात मेकॅनिक कार्ड हातात घेऊन उभा होता. कारणाच्या रकान्यात त्यानं अजून काहीच लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला काकांनी खिशातून फोन काढला आणि मॅनेजरला लावला. चार पानं लिहिणाऱ्या माणसाला घसा दोनदा खाकरावा लागला.

"साहेब, माझी तक्रार मी मागं घेतोय. लेखी देतो. तुमच्या मेकॅनिकची काही चूक नाही, त्याला त्याच्या जागेवर ठेवा. दोष आमच्या घरचा आहे. घरात एक ड्रायव्हर तयार होत होता, ते मला ठाऊक नव्हतं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकांनी शेजारी बघितलं. काकू जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी चाक पकडून बसल्या होत्या.

"बायको माझी," काका म्हणाले. "आत्ता तीच चालवतेय. ठेवतो, पुढं वळण आहे."