एकही भोक नाही

सर बाकावर बसले की टोकालाच बसायचे. अख्खा बाक रिकामा असला तरी. विचारलं तर म्हणायचे, "असू द्या बाई, येणाऱ्याला जागा पाहिजे."

धाराशिवच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत शिपाई होते आणि सर तिथं हाडासाठी जाळ्या छापायचे. खरंच छापायचे! विरघळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये हाडातल्या खनिजाची भुकटी मिसळायची आणि यंत्राच्या बारीक तोंडातून धाग्यावर धागा, थरावर थर घालायचा. शेवयाच म्हणा ना. हाडाचा तुकडा जिथं उडालाय तिथं ती जाळी बसवायची. तिच्या आधारानं हाड वाढतं आणि जाळी हळूहळू विरून जाते.

आमच्या काळीच्या, म्हणजे शेळीच्या, पायावरून जीप गेली. घरचे म्हणाले, "आता काय, खाटकाला द्या." मी हातातल्या झाडूसकट सरांपुढं रडले. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं, पायाची मापं आणली आणि दिवसभर यंत्राजवळ बसून जाळी छापली.

संध्याकाळी सर गेल्यावर मी ती पाहिली. नुसती भोकंच भोकं! तेव्हा मी पन्नाशीची, स्वतःला लई शहाणी समजणारी. म्हटलं, बिचाऱ्यांचं यंत्र बिघडलं वाटतं. उरलेली भुकटी पाण्यात कालवली आणि चुलीला पोतेरं घालावं तशी सगळी भोकं लिंपून टाकली. वर बोटानं गुळगुळीतही केलं.

सकाळी मोठ्या तोऱ्यात जाळी सरांच्या हातात दिली. "बघा सर, एक भोक सापडायचं न्हाय!"

सरांनी ती उजेडाकडं धरली. दुपारी शस्त्रक्रिया होती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आता हाड आत शिरणार कुठून?"

"मग माझी काळी वं सर?"

"दुसरी करू. डॉक्टरांना उद्या बोलावतो. तुम्ही फक्त हात लावू नका." आणि हसले. मग बाकाच्या टोकाला सरकून म्हणाले, "बसा. बघा कशी होते ती."

दिवसभर आम्ही दोघं बाकावर बसून शेवया पडताना बघत होतो. शिपायाला बाकावर बसवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

काळीचं ऑपरेशन झालं. पुढं सरांची नोकरी संपली, ते लांब मुलीकडं राहायला गेले. पण दर रविवारी फोन यायचा, "काळीनं पाय टेकला का?" टेकला म्हटल्यावर असे हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तरी रविवार काही चुकला नाही.

एका रविवारी फोन त्यांच्या मुलीचा आला.

नंतर काळीचा एक्स-रे काढला. मी डॉक्टरांना म्हटलं, "सरांची जाळी दाखवा की."

"मावशी, जाळी कुठली आता? सगळं हाडच आहे."

मी तो एक्स-रे खिडकीत नेला आणि उजेडाकडं धरून बघत राहिले. एखादं तरी भोक सापडतंय का म्हणून.